तिवस्याचा न झालेला ज्वालामुखी

गजाननभाऊ,

सालबर्डीचं पाणी गरम का, हा आपला वाद अर्ध्यात टाकून तुम्ही निघून गेलात, हे काही बरं केलं नाहीत. यंदा महाशिवरात्रीला वहिनींना घेऊन तिकडे गेला होतात. परतताना मोर्शीच्या अलीकडे गाडी बाजूला लावून मला फोन केलात. "मॅडम, आताच हात घालून पायला. चांगलं कोमट हाय. खाली इस्तो नसन तं पानी गरम कोन करून राहिलं?"

मी नेहमीचंच उत्तर दिलं. सातपुड्याच्या पायथ्याला जमिनीत मोठी भेग आहे, पावसाचं पाणी त्यातून खूप खोल उतरतं, खोलात पृथ्वी सगळीकडेच गरम असते, तिथं तापून ते दुसऱ्या वाटेनं वर येतं. त्याला ज्वालामुखी लागत नाही. तुम्ही शांतपणे ऐकून घेतलंत आणि म्हणालात, "म्हनजे खाली गरम हायेच. मंग तुमी त्याले ज्वालामुखी मना नाई तं चुल्हा मना, आपल्याले काय." मी हसले. पुढच्या आठवड्यात तिवस्याला येते, मग सविस्तर भांडू, असं ठरलं. पुढच्या आठवड्यात परीक्षा लागल्या, मग पेपर तपासणं, मग ऊन. मी आले ती एकदम तुमच्या तेरवीला.

वाद राहिला याचं तेवढं दुःख नाही. तो तसाही मिटणार नव्हता, आणि मिटू नये अशीच दोघांची इच्छा होती. राहिलंय ते दुसरंच. बारा वर्षांपूर्वी अकोल्यात, भरल्या सभागृहात, मी माझी चूक तुमच्यावर ढकलली. तुम्ही समोर बसला होता. त्यानंतर ती मी परत घेतली नाही, तुमच्याजवळही नाही आणि लोकांतही नाही. इतके दिवस मी स्वतःची समजूत घालत आले की तुम्हाला खरं काय ते ठाऊक आहे, तुम्ही मोठ्या मनानं गप्प आहात, आणि आपल्यासारख्या माणसांत सगळंच बोलून दाखवायची गरज नसते. ही समजूत परवा तुमच्याच घरी मोडली. म्हणून हे लिहायला बसले आहे.

आपली ओळख झाली ती भांडणानंच. मोझरीच्या पुढे एका शेतात तुमची बोर खोदायची गाडी उभी होती. मी अमरावतीच्या कॉलेजात भूशास्त्र शिकवायला लागून काही वर्षं झाली होती, आणि बोरमधून वर उडणारी दगडाची भुकटी मुलांना दाखवावी म्हणून सहा-सात विद्यार्थी घेऊन आले होते. आम्ही भुकटी पिशवीत भरायला थेट मशीनच्या खाली गेलो. कंप्रेसर बंद करून तुम्ही धावत आलात. डोक्याला फडकं, भुवयांपासून पायांपर्यंत सगळे राखाडी. "कोन मास्तर हाय यायचा? रॉड निसटला तं पोट्ट्याईच्या मायबापाले काय तोंड दाखवान?" मी म्हटलं, मीच मास्तर. तुम्ही क्षणभर पाहिलंत, आवाज अर्धा केलात आणि म्हणालात, "मंग तं आनखीच वाईट."

पण तासाभरानं तुम्हीच पिशव्या भरून दिल्यात. दर दहा फुटांची वेगळी. आणि नुसत्या रंगावरून आणि हॅमरच्या आवाजावरून सांगू लागलात की आता मुरूम, आता काळा पाषाण, आता गेरू. तो लाल गेरूचा थर म्हणजे दोन लाव्ह्यांच्या मधली जुनी जमीन, तिच्यावर कधीकाळी झाडं उगवली असतील, पाऊस पडला असेल, हे मी मुलांना सांगत होते. तुम्ही ऐकत होता. म्हणालात, "म्हनजे मी एका बोरात चार-चार जमिनी भोकसून राहिलो? आमाले तं कोनी सांगतलंच नाई." पुस्तकात वाचून जे मला पाठ होतं ते तुम्ही हातानं ओळखत होता आणि तरी तुम्हाला ते नवल वाटत होतं. मला त्या दिवशी तुमचा हेवा वाटला. अजूनही वाटतो.

मग येणं-जाणं वाढलं. तुम्हाला माझ्याकडून खडकांच्या गोष्टी हव्या असायच्या आणि मला तुमच्याकडून खोलातले आकडे. त्या दिवसांत माझ्या डोक्यात एक भूत शिरलं होतं. उपग्रहाच्या चित्रात तिवसा-मोझरीच्या भागात मला एक गोल दिसला. नाले एका ठिकाणी सरळ न वाहता बाहेरून वळसा घालत होते, बारक्या टेकड्या त्याच वळणावर उभ्या होत्या, आणि मधली जमीन किंचित उचललेली होती. मला वाटलं, हा पुरलेला कॅल्डेरा आहे.

तुम्हाला कॅल्डेरा समजावला तो दिवस मला अगदी जसाच्या तसा आठवतो. तुमच्या स्वयंपाकघरात मी पाटावर, तुम्ही उंबऱ्यात, आणि वहिनी चुलीपुढे ज्वारीच्या भाकरी थापत होत्या. मी सांगत होते की ज्वालामुखीच्या खाली शिलारसाचा मोठा साठा असतो. तो भसकन बाहेर पडला की वरचं छत आधार सुटून खाली बसतं आणि काही कोसांची खोलगट जागा तयार होते. तिला कॅल्डेरा म्हणतात. पण गोष्ट तिथं संपत नाही. कधीकधी खाली पुन्हा शिलारस भरतो, दाब देतो, आणि बसलेला तळ मधोमध वर उचलला जातो. तेवढ्यात तव्यावरची भाकरी फुगली, एका कडेनं वाफ सुटून बसली, आणि वहिनींनी फडक्यानं दाबताच दुसऱ्या बाजूनं पुन्हा फुगली. मी म्हटलं, हे पाहा, अगदी हेच. तुम्ही भाकरीकडे वाकून पाहिलंत. "आन वाफ कडेच्या चिरेतून निघते."

त्या एका वाक्यासाठी मी तुम्हाला परीक्षेत पैकीच्या पैकी दिले असते. कारण गोम तिथंच आहे. तळ उचलला जातो तेव्हा त्याला आणि त्याच्या कडांना भेगा पडतात. त्या भेगांतून पाणी खाली जातं, तापतं, वर येतं. जगात जिथं जमिनीच्या पोटातल्या उष्णतेवर वीज काढतात, घरं उबदार ठेवतात, त्यांतल्या कितीतरी जागा अशाच उचललेल्या तळांच्या आसपास आहेत. वर आलेली जमीन म्हणजे खाली ऊब असल्याची खूण. वहिनींनी ती भाकरी माझ्या ताटात टाकली आणि विचारलं, "मंग माह्या भाकरीवर आता लाइट पेटते काय?"

तुम्ही मात्र हसला नाहीत. तुमच्या डोळ्यांसमोर वीज नव्हतीच. तुमच्या मेव्हण्याची मिरची दर वर्षी अवकाळी पावसात अंगणात भिजून काळी पडायची, आणि तुम्ही तेव्हापासून हिशेब मांडायला लागलात की खालून गरम पाणी आलं तर पायपांतून फिरवून त्यावर मिरची वाळवता येईल, हळद वाळवता येईल, संत्र्याची सालंसुद्धा. "ऊन नसलं तरी ऊन," असं तुम्ही म्हणायचा. माझ्या ज्वालामुखीत मला शोधनिबंध दिसत होता. तुम्हाला वाळलेली मिरची दिसत होती. आज वाटतं, दोघांत तुमचं स्वप्न जास्त शहाणं होतं.

सिद्ध करायला तापमान हवं होतं. बोरच्या खोल पाण्याचं. अकोला, बार्शीटाकळी, पातूरकडची तापमानं मी सुट्ट्यांत विद्यार्थ्यांना घेऊन जुन्या, बंद पडलेल्या बोरमध्ये थर्मामीटर सोडून घेतली. तिवस्याकडची तुम्ही घ्यायची ठरली. पहिल्याच दिवशी तुम्ही माझी पद्धत मोडीत काढलीत. दोरीनं थर्मामीटर वर ओढेपर्यंत पारा खाली येतो, हे तुमच्या लक्षात आलं. तुम्ही केसिंग पाईपचा हातभर तुकडा घेतलात, खालून बूच मारलंत आणि थर्मामीटर त्यात बसवलंत, म्हणजे खोलातलं पाणी पारा वेढूनच वर येईल. मी त्याचं चित्र काढून माझ्या वहीत चिकटवलं. त्याच्या खाली तुमचं नाव लिहिलं नाही, हेही आत्ता लिहिता लिहिता आठवलं.

आणि मग ती चूक. तुम्ही विचारलं होतंत, "मॅडम, तापमान कवा घ्याचं?" जुने बोर तिकडे मोकळे नव्हते, प्रत्येकात मोटर सोडलेली. नवा बोर झाला आणि पाणी लागलं की आपल्याकडे लोक गुलाल उधळतात, नारळ फोडतात आणि संध्याकाळपर्यंत मोटर खाली सोडतात. एकदा मोटर गेली की थर्मामीटर कुठून जाणार? म्हणून मी सांगितलं, गाडी हलायच्या आत घ्या. पाणी लागलं, मशीन थांबली, की लगेच. मीच सांगितलं. माझ्या तोंडानं, तुमच्या अंगणात, निंबाच्या सावलीत उभं राहून.

एवढं साधं माझ्या लक्षात यायला नको होतं? हॅमर तासन्‌तास दगड कुटतो. कंप्रेसरची हवा हाताला चटका बसेल इतकी गरम होऊन खाली जाते. नुकता खोदलेला बोर तापलेलाच असतो. त्याला निवायला दिवस लागतात. तुम्ही मला त्या उन्हाळ्यात आणून दिलेला प्रत्येक आकडा मशीनच्या उष्णतेचा होता. अकोल्याकडचे माझे बोर वर्षानुवर्षं निवांत पडलेले, म्हणून थंड. तिवस्याकडचे तुमचे ताजे, म्हणून गरम. मी ते नकाशावर मांडले आणि तिवस्याभोवती सुरेख गरम वर्तुळ उमटलं. उपग्रहाच्या गोलावर जवळजवळ बसणारं. मी आनंदानं रडायचीच बाकी होते. ते वर्तुळ कशाचं होतं, भाऊ? त्या हंगामात तुमची गाडी जेवढ्या गावांत फिरली तेवढ्याचं. दूरचं काम तुम्ही घेत नव्हता, कारण वहिनींचं ऑपरेशन झालं होतं आणि संध्याकाळी घरी परतायचं असायचं. मी ज्वालामुखी म्हणून जे काढलं ती तुमच्या घरापासूनची एका दिवसाची चाल होती.

आमच्या क्षेत्रातला कुणीही जाणता माणूस मला आधीच सांगू शकला असता की आपल्याकडचा लाव्हा डोंगराच्या तोंडातून नाही, लांबच लांब भेगांमधून वाहत आला. थरावर थर. आणि त्याला साडेसहा कोटी वर्षं झाली. एवढ्या काळात कुठलाही शिलारस निवतो. हे मला माहीत नव्हतं असं नाही, मीच वर्गात शिकवत होते. पण तेव्हा चाळिशी जवळ आली होती, बरोबरीचे पुढे गेले होते, आणि मला काहीतरी मोठं सापडायलाच हवं होतं. असं सापडायलाच हवं असलं की मग ते सापडतं.

अकोल्याच्या चर्चासत्राला मी तुम्हाला हट्टानं नेलं. पांढरा कडक इस्त्रीचा शर्ट घालून आलात. पायात नवे बूट, ते चावत होते म्हणून पाय सारखे हलवत होता. मी नकाशा पडद्यावर लावला तेव्हा तुम्ही शेजारच्या अनोळखी माणसाला बोटानं तिवसा दाखवत होता, मला व्यासपीठावरून दिसत होतं. मग बाहेरगावाहून आलेले एक वयस्कर भूशास्त्रज्ञ उठले. आवाज अगदी सौम्य होता. विचारलं, "खोदल्यानंतर किती वेळानं ही तापमानं घेतली?"

प्रश्न संपायच्या आत मला सगळं कळलं.  आणि मी म्हणाले, "हे आकडे आमच्या बोरवाल्यांनी घेतलेत. त्यांनी बोर निवेपर्यंत थांबायला हवं होतं. ती चूक त्यांच्याकडून झालेली दिसते."

तुमचे पाय हलायचे थांबले. बाकी काहीच झालं नाही. त्या सद्गृहस्थांनी मान हलवली, दोन-चार जण हसले, अध्यक्षांनी पुढचं नाव पुकारलं. चहाच्या वेळी कुणीतरी मला म्हणालंसुद्धा, अशा लोकांवर विसंबू नये मॅडम. मी "हो ना" म्हणाले. तुम्ही तेव्हा बशीत चहा ओतत जवळच उभे होता की लांब, हे मी पाहिलं नाही. पाहायचं टाळलं.

परतीच्या वाटेवर मूर्तिजापूर आलं. तिथं गाडी थांबली, तुम्ही खाली उतरलात, बूट काढून हातात घेतले आणि अनवाणीच परत येऊन बसलात. मग विचारलंत, "मॅडम, बोर निवाले किती वखत लागते?" मी म्हटलं, निदान तीन दिवस. "बरं," म्हणालात. तेव्हा मी बोलायला हवं होतं. ड्रायव्हर पुढे होता, म्हणून नाही बोलले. आणि ड्रायव्हर नसता तरी बोलले नसते.

त्यानंतर तुम्ही जे केलंत ते मी आजवर कुणाला नीट सांगितलेलं नाही. नवा बोर झाला की तुम्ही मालकाला सांगायला लागलात, तीन दिवस मोटर सोडायची नाही. पाणी लागलेला माणूस तीन दिवस कसला थांबतो! तो घरच्यांना हाका मारून, खोबरं वाटून, मोटरवाल्याला फोन लावून मोकळा. तुम्ही भांडलात, हात जोडलेत, काही लोक तुम्हाला सोडून दुसऱ्याकडे गेले. शेवटी तुम्हाला बोलणं सापडलं. "बोर बाळंतीन झाली हाय, तीन दिवस तिले पडू द्या." पुरुष हसायचे, पण घरातल्या बायांना ते पटायचं, आणि बायांना पटलं की काम झालं. तुम्ही बोरच्या तोंडावर झाकण घट्ट बसवायचा, कुणी पडू नये म्हणून वर काटे लावायचा, आणि चौथ्या दिवशी मोटरसायकलवर एकटेच तो पाईपचा तुकडा घेऊन जायचा. कुठे भातकुलीकडे, कुठे चांदूरकडे. कोणी सांगितलं नव्हतं. मी तर नक्कीच नाही.

आणि मग फोन. "मॅडम, एकोनतीस." नाही तर, "मॅडम, आजबी एकोनतीसच भरलं." पुढे काही नाही. आवाज पडलेला. मी म्हणायची, "बरं भाऊ, लिहून घेते." पहिल्या दोन वर्षांतच स्पष्ट झालं होतं की तिवस्याखाली काही नाही, जमीन अकोल्याइतकीच थंड आहे. तुम्ही तरीही थांबला नाहीत. मला वाटायचं, तुम्हाला तुमच्या मिरचीसाठी कुठे ना कुठे गरम पाणी लागायला हवं आहे, म्हणून हा नाद. मी मैत्रिणींना कौतुकानं सांगायची, आमचे गजाननभाऊ म्हणजे खरे संशोधक, आशा सोडतच नाहीत. तुमचे आकडे वापरून नंतर मी एक चांगला निबंध लिहिला, वऱ्हाडातल्या खोल पाण्याच्या तापमानावर. त्याचं नाव झालं. त्यात तुमचे आभार मानले. छापलेली प्रत घेऊन आले तेव्हा तुम्ही आपलं नाव बोटानं शोधलंत, बराच वेळ पाहिलंत आणि म्हणालात, "माहं नाव काहून टाकलं, मॅडम? पुन्ना कोनी इचारन." मला तो विनय वाटला.

परवा मी तुमच्या घरी पोचले तेव्हा पंगती उठत होत्या. मी वहिनींजवळ आतल्या खोलीत बसले. त्यांनी माझा हात धरला. बोलायचं काही ठरवून गेले नव्हते, पण तुमचा हार घातलेला फोटो समोर होता आणि त्यात तुम्ही तोच पांढरा शर्ट घातलेला होता. अकोल्याला जाताना काढलेला तो फोटो, वहिनी म्हणाल्या. दुसरा चांगला फोटोच नव्हता. मग मला राहवलं नाही. मी त्यांना सांगितलं की अकोल्यात जे झालं त्यात भाऊंची काही चूक नव्हती, तापमान लगेच घ्या असं मीच त्यांना सांगितलं होतं, मी भ्याले आणि त्यांच्यावर ढकललं. म्हटलं, भाऊंना हे माहीतच होतं, ते कधी बोलले नाहीत, त्यांचं मन मोठं.

वहिनींनी हात सोडला. रागानं नाही. जणू धरलेलं काही खाली ठेवून नीट पाहायचं होतं.

"त्याईले नोतं माहीत," त्या म्हणाल्या. "थे तं मरेपर्यंत मनत होते, माह्यापायी मॅडमचं नाव खराब झालं. मॅडमनं इश्वासानं काम देल्लं आन मी घाई केली. चार दिवसानं बोरावर जाचे तं मी भांडत होती, का घरचे कामं सोडून काय लावलं हे. मनत, फेडू दे."

मी म्हटलं, "अहो, पण मी सांगितलं होतं ना त्यांना लगेच घ्या म्हणून. त्यांना आठवत असेल."

"आठवत होतं. मनत, मॅडमनं सांगतलं तं सांगतलं, त्याईचा हात कधी मशीनले लागला काय? मशीन तापते हे मले मालूम होतं. मी सांगाले पायजे होतं."

भाऊ, मी तुम्हाला काय समजत होते आणि तुम्ही काय वाहत होता! बारा वर्षं माझी चूक तुम्ही स्वतःची म्हणून फेडत राहिलात, आणि मी त्याला तुमचा नाद म्हणत राहिले. "मशीन तापते हे मला माहीत होतं" हे तुम्ही म्हणालात तेही खरंच, पण तुम्ही मला कुठे शिकवायला बसला होता? शिकवायचं काम माझं होतं. त्याचा पगार मी घेत होते. तुम्ही रागावला असतात तर बरं झालं असतं. एकदा जरी म्हणाला असतात, मॅडम, तुमीच सांगतलं होतं, तर मी तिथल्या तिथे कबूल केलं असतं. पण असं म्हणायलाही मला जीभ रेटत नाही, कारण हे पुन्हा तुमच्यावरच ढकलणं झालं.

 मग वहिनींनी विचारलं, "मंग तुमी सांगतलं काहून नाई?"   मी रडायला लागले तेव्हा त्यांनी मला पाण्याचा गिलास दिला, पदरानं स्वतःचं तोंड पुसलं आणि बाहेरच्या मांडवाकडे मान वळवली. "मले सांगून काय फायदा? मी तं त्याईले कधी चुकीचं समजलीच नाई. थ्या मशीनवाल्याईले सांगा. त्याईच्यात अजून चालते ते, का गजाननभाऊनं कॉलेजवालीचं काम बिघडवलं मनून."

मांडवात तुमच्या हाताखाली शिकलेले, आता स्वतःच्या गाड्या असलेले, बोरवाले बसले होते. तिवसा, मोझरी, चांदूर, कुठकुठले.  अकोल्यात त्या दिवशी बोलायला मला क्षणही लागला नव्हता. इथं चप्पल घालायलाच वेळ लागला. मी खांबाला धरून उभी राहिले. म्हटलं, मी अमरावतीची भूशास्त्राची मॅडम. अकोल्यातल्या त्या आकड्यांत गजाननभाऊंची चूक नव्हती. त्यांनी मी सांगितलं तसंच केलं होतं. चूक माझी होती, आणि मी सगळ्यांसमोर खोटं बोलले.

 काही जणांनी एकमेकांकडे पाहिलं. आयुष्य कंप्रेसरजवळ काढलेली माणसं ती, बहुतेकांचे कान गेलेले. शेवटी मागून एका म्हाताऱ्या ऑपरेटरनं कानामागे हात धरला आणि ओरडून सांगितलं, "बाई, जोरानं बोला. इकडं कोनाले काही आयकू नाई आलं."

मी खांब सोडला आणि सगळं पहिल्यापासून पुन्हा सांगितलं, जोरात.